पाडा कुठे गेला? दुधाचा एक कोकणी हिशेब

गेल्या गणपतीत पुण्याहून आलेल्या भाचीने मोदकावर तूप घेतलं नाही. पान वाढलेलं, वाफाळता मोदक फोडलेला, आई तुपाची वाटी घेऊन उभी, आणि ही म्हणते, "नको आजी, मी दूध-तूप सोडलंय." आईला आधी वाटलं पोट बिघडलं असेल. मग कळलं की पोट ठीक आहे, पण गायीचं दूध काढणं हाच मुळात अन्याय आहे असं तिचं मत झालंय. पंगतीत दोन-चार जण हसले, एका काकांनी गोकुळातल्या लोण्याचा दाखला दिला आणि विषय वरणभाताखाली गाडला गेला.

मला तो गाडता आला नाही. माझं लहानपण गोठ्याला लागून असलेल्या पडवीत गेलं. पोरीच्या प्रश्नाचं उत्तर मला यायला हवं होतं आणि ते आलं नाही. दूध नीतीने काढता येतं का, पिता येतं का, हे नंतर स्वतःशी मांडून बघितलं. सापडलं ते असं.

सुरुवात अगदी प्राथमिक गोष्टीने करतो, कारण शहरातल्या बऱ्याच लोकांना ती खरंच ठाऊक नसते. गाय आपोआप दूध देत नाही. ती व्याली तरच देते. गाय सुमारे २८० दिवस गाभण असते, म्हैस दहा महिन्यांच्या आसपास. व्याल्यावर पहिले तीन-चार दिवस चीक, ज्याचा आपण खरवस करतो. मग साधारण आठ-दहा महिने दूध, हळूहळू कमी होत जाणारं. मग ती आटते, म्हणजे भाकड होते. दूध चालू राहावं म्हणून व्याल्यावर दोन-तीन महिन्यांनी तिला पुन्हा गाभण करतात. म्हणजे दुधाचा धंदा चालवायचा तर दर वर्षा-सव्वा वर्षाला एक वासरू जन्माला घालावंच लागतं. आणि त्यांतली निम्मी नर असतात.

गोम इथेच आहे. पाडी असेल तर ती उद्याची गाय. पाडा असेल तर? दूध तो देणार नाही, आणि सगळ्या गावाला मिळून एखादा वळू पुरतो. बाकीच्यांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक लिटरच्या मागे उभा असतो. दूध पिण्याच्या नीतीबद्दल लोक वासराच्या तोंडचं दूध, गायीची माया असं बरंच बोलतात. ते खोटं नाही. पण माझ्या मते खरा प्रश्न दोघांचाच आहे: पाडा आणि भाकड गाय. दोघंही दूध देत नाहीत आणि दोघंही रोज खातात.

आता पान्हा. गायीच्या कासेत दूध असलं तरी ती ते सोडेलच असं नाही. वासरू सडाला ढुशी देतं, चोखतं, तेव्हा तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि त्याने कासेतल्या बारीक पिशव्या आवळल्या जाऊन दूध खाली येतं. याचा जोर काही मिनिटंच टिकतो. म्हणून आमची आजी वासरू सोडायची, तोंडाला फेस येईपर्यंत पिऊ द्यायची, मग त्याला शेजारी बांधून भराभर धार काढायची. पुढचे दोन सड वासराचे, मागचे दोन घराचे. हा तिचा नियम होता, आणि घरात पाहुणे आले की तो थोडा वाकायचा हेही मला आठवतं.

वासरू मेलं की पंचाईत. मग कुठे मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे उभं करायचे. कुठे त्याहून वाईट. गायीच्या योनीमार्गात हवा फुंकून तिला पान्हवायला लावायचं, याला फुंका म्हणतात. ही प्रथा इतकी रुळलेली होती की प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात तिच्यासाठी वेगळं कलम, बारावं, घालावं लागलं. दूध वाढवण्यासाठी टोचलेली इंजेक्शनंही आता त्याच कलमात येतात. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन तबेल्यांत सर्रास वापरलं जायचं ते याचसाठी: वासराचं काम सुईने करून घ्यायचं, म्हणजे वासराला दूधही द्यायला नको.

भाचीला हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण तिच्या आधी शंभरेक वर्षं एका माणसाने याच कारणाने दूध सोडलं होतं. कोलकात्याकडच्या गवळ्यांच्या फुंक्याबद्दल वाचून गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध बंद केलं. पुढे १९१८ मध्ये ते गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याच्या सत्याग्रहानंतर फार आजारी पडले. डॉक्टर म्हणाले, दूध घ्यायलाच हवं. गांधीजी म्हणाले, व्रत आहे. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: व्रत गायी-म्हशीच्या दुधाचं, मग शेळीचं घ्यायला काय हरकत? ते शेळीचं दूध प्यायले आणि जन्मभर पीत राहिले. पण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा मारला, ही टोचणी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. शेळीलाही करडं होतात आणि त्यांतलीही निम्मी बोकडं असतात. त्या बोकडांचं काय होतं हे कोकणात कुणाला सांगायला नको.

आपल्याकडे पूर्वी कसं भागायचं

कोकणात गुरं पाळली जायची ती मुख्यतः दुधासाठी नव्हेच. हे मला फार उशिरा लक्षात आलं. गुरं जोतासाठी आणि शेणासाठी होती. कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखलणी करायला बैलजोडी, भाजावळीला, म्हणजे रोपांची जमीन भाजून घ्यायला, शेण. दूध हे जोडउत्पन्न. पाडा जन्मला की घरात आनंद व्हायचा, कारण तो उद्याचा बैल. दुधाच्या धंद्यात जो नकोसा, तोच शेतीच्या धंद्यात हवासा होता. भाकड गायही पूर्ण बिनकामाची नव्हती, ती शेण द्यायची आणि गावच्या माळावर फुकट चरायची.

पुरावा हवा असेल तर आपलं स्वयंपाकघर बघा. घावन रसात बुडवायचं, शिरवाळे रसात घालून खायचे, आणि रस म्हणजे नारळाचं दूध आणि गूळ. सोलकढीत नारळ, आमटीत नारळ, उकडीच्या सारणात नारळ. जिथे गायीचं दूध मुबलक होतं त्या मुलखाची पाककला अशी दिसत नाही. मुसळधार पावसात वाढलेलं इथलं गवत उंच दिसतं, पण त्यात कस कमी. त्यावर जगणारी आपली गाय लहान चणीची, काटक, कातळावर शेळीसारखी चढणारी. कोकण कपिला म्हणून तिची आता देशी जातींच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली आहे. दिवसाला दीड-दोन लिटर दिलं तर घरातले खूश असत.

मात्र या जुन्या व्यवस्थेला फार सोवळं करू नये. पाड्याचा बैल व्हायचा तो बडवून, म्हणजे त्याचे अंड दगडाने चेचून, कसलंही भूल-औषध न देता. मी लहान असताना एकदा तो आवाज ऐकलाय, परत ऐकायची इच्छा नाही. वेसण नाकातून जायची. भात कापून झालं की गुरं उनाड सोडायची आणि वैशाखात त्यांच्या बरगड्या मोजता यायच्या. पावसाच्या तोंडाला चार-दोन मरायची. व्यवस्था अहिंसक नव्हती. एवढंच होतं की तिच्यात प्रत्येक जनावराला काहीतरी काम होतं, त्यामुळे पाडा जन्मताच फालतू ठरत नव्हता.

ती व्यवस्था आता नाही. पोरं मुंबईला, कुणगे पडीक, उरलेल्यांत पॉवर टिलर. बैल नको झाला आणि मग गायही. आता फोंडा, करूळ, आंबा, कुंभार्ली अशा घाटांतून दुधाच्या गाड्या पहाटे खाली उतरतात आणि आपण पिशवी फोडतो. म्हणजे पाड्याचा प्रश्न आपण सोडवला नाही, घाटावर पाठवून दिला.

घाटावर तो कसा सोडवतात? तिथे होल्स्टिन या विलायती जातीच्या संकराची मोठी गाय आहे, दिवसाला दहा-पंधरा लिटर देणारी. ती वासराशिवायही पान्हवते, त्यामुळे वासरू लवकर वेगळं करता येतं. नुकत्याच जन्मलेल्या वासराला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध रोज लागतं, म्हणजे तीस-पस्तीस किलोच्या वासराला तीन लिटर. २०२४ मध्ये राज्यात गायीच्या दुधाला सरकारी अनुदान धरून शेतकऱ्याला लिटरमागे ३५ रुपये मिळावेत असं ठरलं होतं. त्या भावाने वासरू रोज शंभर रुपयांचं दूध पितं, तीन महिन्यांत नऊ हजारांच्या पुढे. पाडीवर हा खर्च शेतकरी करतो. पाड्यावर कोण करेल? मग तो उपाशी राहतो, हगवणीने जातो, नाहीतर कुणाच्या तरी टेम्पोतून जातो. शेतकरी दुष्ट असतो असं मला म्हणायचं नाही. ३५ रुपयांत पाड्याचं दूध बसत नाही, इतकंच.

कायद्याचा त्रिकोण

इथे कायदा येतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीची कत्तल बंद झाली, बैलांना मात्र दाखला घेऊन मारता येत होतं. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांच्या प्रेरणेने ११ जानेवारी १९८२ पासून देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला होता, तो बैलांसाठीही होता. पुढे मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर राज्यात वळू आणि बैल यांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हैस आणि रेडा मात्र या बंदीबाहेर राहिले.

परिणाम असा की गायीच्या पाड्याला कायद्याने मारता येत नाही आणि हिशेबाने पोसता येत नाही. तो सोडून दिला जातो. मुंबई-गोवा महामार्गावर पावसाळ्याच्या रात्री कोरड्या डांबरावर ठाण मांडून बसलेली गुरं ज्याने चुकवली आहेत त्याला हे आकडेवारीशिवाय पटेल. २०१९ च्या पशुगणनेत देशात मोकाट गुरं ५० लाखांच्या आसपास मोजली गेली. दुसरीकडे रेडकाला कत्तलीची वाट खुली आहे, म्हणून म्हशीच्या दुधाचा हिशेब बाजारात नीट बसतो. देशातलं निम्म्याच्या जवळपास दूध म्हशीचं आहे, आणि भारत म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे. या दोन गोष्टी एकमेकींना धरूनच चालतात.

हे लिहिताना मला जरा अवघड वाटतं, कारण आमच्याही नात्यात कडक शाकाहारी माणसं आहेत. पण खरं सांगायचं तर मासे-मटण खाणारा आपल्या ताटातल्या जिवाची जबाबदारी निदान ताटात बघतो. शाकाहारी माणसाच्या बासुंदीमागचं रेडकू दुसऱ्याच कुणाच्यातरी ताटात जातं, आणि वर त्या खाणाऱ्यालाच नावं ठेवली जातात.

रत्नागिरीत तेरा वर्षं स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी गाय ही देवता नसून उपयुक्त पशू आहे असं मांडलं, त्यावरून आजही वाद होतात. वादात दोन्ही बाजूंना एक गोष्ट सोयीची नाही. देवता म्हटलं तर देवतेला महामार्गावर सोडता येत नाही. उपयुक्त म्हटलं तर उपयोग संपल्यावर काय, हे सांगावं लागतं.

आता प्रत्यक्ष गणित

समजा आपण ठरवलं की एकालाही मारायचं नाही, सोडायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. गाय म्हातारी होऊन मरेल, पाडे म्हातारे होऊन मरतील. मग लिटरचा भाव किती?

जनावराच्या पोसण्याचा आकडा सरकारनेच दिलेला घेऊ. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याने देशी गायीला राज्यमाता जाहीर केलं आणि गोशाळांतल्या देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये अनुदान मंजूर केलं. गोशाळावाले म्हणतील एवढ्यात भागत नाही. तरी कमीत कमी आकडा म्हणून ठीक आहे. वर्षाचे झाले १८,२५० रुपये.

आपली कपिला धरू. चौथ्या वर्षी पहिलं वेत, पुढे दर सव्वा वर्षाला एक, अशी आठ वेतं. वासराचा वाटा सोडून प्रत्येक वेताला साडेचारशे लिटर. आयुष्यभराचं दूध ३,६०० लिटर. गाय जगली १८ वर्षं. आठ वासरांत चार पाडे, प्रत्येक जगला १५ वर्षं. उरलेल्या चार पाड्या पुढे स्वतःच दूध देतील, म्हणून त्यांचा खर्च त्यांच्याच दुधावर. म्हणजे गायीची १८ आणि पाड्यांची ६०, एकूण ७८ वर्षांचं खाणं. ७८ गुणिले १८,२५० म्हणजे सव्वाचौदा लाखांच्या आसपास. ३,६०० ने भागा. लिटरला ३९५ रुपये.

आता तेच पाडे जोताला लागले आणि त्यांचं खाणं भातशेतीने दिलं असं धरा. मग दुधावर भार फक्त गायीच्या १८ वर्षांचा. लिटरला ९१ रुपये. ३९५ आणि ९१ यांच्या मधलं जे अंतर आहे ते सगळं बैलाचं आहे. पॉवर टिलर आला तेव्हा दुधाचा भाव न वाढता दुधाची नीतीमत्ता महाग झाली, आणि ते कुणाला दिसलं नाही.

संकरित गाय घेतली तर? सहा वेतं, प्रत्येकी तीन हजार लिटर, एकूण १८ हजार. गायीची १५ वर्षं, तीन पाड्यांची ४५. जनावर मोठं, म्हणून दिवसाला १०० रुपये. लिटरला १२२ रुपये, वर दुभत्या काळातलं पेंड-भुशाचं वेगळं. कपिलेपेक्षा पुष्कळ स्वस्त. आणि इथेच भावनेला धक्का बसतो, कारण कुणालाही मारायचं नसेल आणि बैलाला काम नसेल तर जास्त दूध देणारी विलायती रक्ताची गाय देशी गायीपेक्षा कमी जीव अडकवते. 'देशी' या शब्दात आपोआप करुणा येत नाही. 'ए-टू'मध्ये तर नाहीच. तो दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार आहे, पाड्याशी त्याचा काही संबंध नाही. तरी दुप्पट भाव देणारे त्यालाच पुण्य समजतात.

हे सगळे आकडे ढोबळ आहेत. कुणी वेतं कमी धरेल, कुणी खर्च जास्त. शेणाचे पैसे वजा करा, गोबरगॅस वजा करा, आकडा थोडा खाली येईल. पण कुठूनही मांडा, पिशवीच्या भावात तो बसत नाही.

दुसरा एक आकडा मला जास्त विचार करायला लावतो. कपिलेचे ३,६०० लिटर तिच्या १८ वर्षांवर पसरले तर रोजचं अर्धा लिटर पडतं. एका गायीला जन्मभर सांभाळलं तर रोज अर्धा लिटर. देशात २०२३-२४ मध्ये दुधाची उपलब्धता माणशी रोज ४७१ ग्रॅम होती. म्हणजे कुणाला न सोडता एवढंच दूध प्यायचं तर कपिलेच्या हिशेबाने माणशी एक गाय हवी. आमच्या वाडीत इतकी गुरं बांधायला खुंटे नाहीत.

मग वाटा कोणत्या

विज्ञानाने एक वाट काढली आहे. लिंग-वर्गीकृत रेतमात्रा, म्हणजे मादी वासरूच व्हावं म्हणून निवडलेलं वळूचं वीर्य, वापरली की शंभरात नव्वदच्या आसपास पाड्याच होतात. सरकार यासाठी पैसेही देतं. पाडा जन्मालाच आला नाही तर त्याला सोडण्याचा प्रश्नही नाही, इतपत ठीक. पण मग पाड्या दुप्पट. एका गायीच्या जागी पुढे एकच गाय लागते. तिने पाच मुली मागे ठेवल्या तर उरलेल्या चौघी कुठे जातील? काही वर्षं त्या दुसऱ्याच्या गोठ्यात खपतील, कारण अजून गोठे वाढताहेत. गोठे वाढायचे थांबले की पाड्याची जागा पाडी घेईल. जन्मच कमी झाले पाहिजेत, याला पर्याय नाही.

जन्म कमी करायचे तर वेतं लांबवावी लागतात. काही गायी एकदा व्याल्यावर दीड-दोन वर्षंसुद्धा थोडं थोडं दूध देत राहतात, त्यांना लगेच गाभण न करता चालू ठेवता येतं. दूध कमी, पण वासरंही कमी. युरोपात काही डेअऱ्या वासराला महिनोन् महिने गायीबरोबरच ठेवतात, आणि तिथे दूध अर्थातच महाग विकलं जातं. आपल्याकडे इस्कॉनसारख्या काही ठिकाणी मारायचं नाही हा नियम पाळून गायी सांभाळल्या जातात, पण तिथला खर्च बराचसा देणगीतून निघतो. दूध विकून आख्खी गोशाळा चालली असं फारसं दिसत नाही. वरचं गणित पाहिलं की कारण समजतं.

दुसरी वाट भाचीची: सोडून द्यायचं. ती म्हणते, गणित कितीही जुळवा, गायीला विचारलं कुणी? गाभण व्हायचंय का, वासरू बाजूला बांधलेलं चालेल का? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि आहे असं दाखवायची इच्छाही नाही. तिची भूमिका सुसंगत आहे. मला एवढंच दिसतं की सगळ्यांनी सोडलं तर कोकण कपिला एखाद्या कृषी विद्यापीठाच्या गोठ्यापुरती उरेल, आणि शेण नाही म्हणून भाताला पोत्यातलं खत जाईल. हे दूध पिण्याचं समर्थन म्हणून पुरेसं आहे का? माझं मन कधी हो म्हणतं, कधी नाही.

आरोग्याचा मात्र उगाच बागुलबुवा करू नये. नारळाचं दूध हे गायीच्या दुधाची बदली नाही. त्यात स्निग्धांश भरपूर, प्रथिनं आणि कॅल्शियम नगण्य. कॅल्शियमसाठी आपल्याकडे नाचणी आहे, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे तेवढ्याच गायीच्या दुधाच्या जवळपास तिप्पट. प्रथिनांना कुळीथ आहे. सुकट खाणाऱ्याला तर काळजीच नाही. अडतं ते बी-१२ जीवनसत्त्वापाशी. वनस्पतींत ते मिळत नाही, त्यामुळे मासे-अंडी न खाणाऱ्याने दूधही सोडलं तर गोळी घ्यावीच लागते. भाची घेते. लहान मुलांचं आणि गरोदर बायकांचं डॉक्टरला विचारून ठरवावं, पुतण्याच्या व्हॉट्सअॅपवरून नाही.

माझं मत विचाराल तर दूध नीतीने काढता येतं, पण थोडंच, आणि आजच्या दोन-तीन पट भावाने, आणि रोज चार कप चहा, दही, पनीर, पेढे असं नाही. मधल्या काळात काय करायचं? एक सवय मी लावून घेतली. दूध घेताना फॅट न विचारता पाडा कुठे आहे ते विचारायचं. आश्विनात वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो आणि त्या दिवशी बायका दूध-तूप खात नाहीत, वासराचं वासराला राहू देतात. त्याच दिवशी मी शेजारच्या काकींच्या गोठ्यात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. काकींकडे दोन गायी, गावठी.

"काकी, गेल्या वर्षीचो पाडो खंय?"

"दिलो."

"कोणाक?"

"इलो होतो एकटो टेम्पोवालो." आणि त्या शेणाची पाटी उचलून परसात गेल्या. दोन दिवस बोलणं बेताचंच होतं.

मग मीच जाऊन सांगितलं की अर्धा लिटर घेईन, ऐंशीने घेईन, आणि गाय भाकड झाली तरी महिन्याचे निम्मे पैसे चालू ठेवीन. काकींना आधी वाटलं माझं डोकं फिरलंय.

"दूध नाय तर पैसे कित्याक?"

"गाय खाता मां?"

"खाता तर." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "पण लोकांका सांगू नको. हसतले."

शिमग्यानंतर गाय आटली. दोन महिने पैसे त्यांनी मुकाट्याने घेतले. तिसऱ्या महिन्यात पैसे घेतले आणि नातवाच्या हाती शेणखताच्या दोन गोण्या पाठवल्या, माडांना घालायला. फुकटचे नको, असा वर निरोप. आता या वेळचा पाडा दहा महिन्यांचा झालाय, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. खालच्या वाडीतल्या एकाला दोन कुणगे जोताने लावायचे आहेत, पण एका पाड्याने जोत होत नाही. दुसरा शोधतोय तो.